वर्नाने नाकारलेलं काम

वर्ना प्रुइटला खोटं बोलता येत नाही, आणि शेजाऱ्यांना हा गुण फार महागात पडतो. आमच्या चर्चच्या पाद्रीबाबांनी एकदा मोठ्या हौसेने विचारलं, "आजचं प्रवचन कसं वाटलं?" तर म्हणाली, "अर्ध्यावर थांबला असतात तर उत्तम होतं." तेव्हापासून पाद्रीबाबा तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलतात.

ती आमच्या न्यू मेक्सिकोत आली ओहायोहून. तिथल्या हातमोज्यांच्या कारखान्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि साठीला टेकली तेव्हा कारखान्याला टाळं लागलं. मुलगी शेरिल इथे, नातवंडं इथे, म्हणून उठली आणि आली. पण मुलीच्या सोफ्यावर पथारी टाकायची तिची तयारी नव्हती. माझ्या शेजारचं चाकांवरचं घर तिने भाड्याने घेतलं आणि सामान लावता लावताच मला सांगितलं, "डेलबर्ट, तुमचे कुत्रे चांगले आहेत. पडदे मात्र बघवत नाहीत."

मी तिथेच गारद झालो.

घराचं भाडं निघायचं बेकारभत्त्यातून. तो कुठे मागायचा यात सगळे चुकतात तशी तीही चुकली. राहायला आलात म्हणून न्यू मेक्सिको पैसे देत नाही; जिथे घाम गाळलात ते राज्य देतं. गावातल्या कचेरीतली मुलगी तिला म्हणाली, "मॅडम, इथे नोकरी शोधायला नाव नोंदवा. पैशांचं ओहायोला विचारा." मग वर्नाच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं आली, एक आमचं आणि एक दोन तास पुढे चालणारं ओहायोचं. दर रविवारी ती चर्चला जायचा झगा घालूनच फोनला बसायची आणि ओहायोचं यंत्र तिला तेच ते प्रश्न विचारायचं. कामाला तयार होतात का? कुठे काम केलंत का? कुणी देऊ केलेलं काम नाकारलंत का? त्यावर होय किंवा नाही, असं बटण दाबायचं.

आता माझं सांगतो. माझं आयुष्य विहिरींचे पंप दुरुस्त करण्यात गेलं. बिघडलेल्या पंपाशी मी तासन् तास बोलू शकतो, बाईमाणसासमोर मात्र माझी बोबडी वळते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका संध्याकाळी वर्ना माझ्याकडे जेवायला आली. हिरव्या मिरचीच्या रश्श्याने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हट्टाने खात होती. ते बघून मी धीर गोळा केला आणि म्हणालो, "वर्नाबाई, दोन घरांचं भाडं कशाला भरायचं? माझ्याकडेच या राहायला. स्वयंपाक बघा, धुणं बघा, कुत्र्यांना तर तुमची सवय झालीच आहे."

मला वाटलं, मी काळीज काढून समोर ठेवलं. तिने चमचा खाली ठेवला. "नको. आभारी आहे," म्हणाली आणि घरी गेली.

पुढच्याच आठवड्यात तिचे पैसे अडकले. शेरिल तणतणत माझ्या दारात आली. "डेलबर्टकाका, माझ्या आईला कसलं काम देऊ केलंत तुम्ही?"

"काम? मी?"

"स्वयंपाक, धुणं आणि दोन कुत्रे. पगार नाही, सुट्टी नाही. आईने नाकारलं आणि रविवारी ओहायोला तसं कळवून मोकळी झाली!"

मी धावत वर्नाकडे गेलो. "अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते काम नव्हतं, तर काय होतं?"

"ते म्हणजे... तसं..."

"बघा. तुम्हालाही सांगता येत नाही."

तिच्या मागे किराणा दुकानातून आणलेली रिकामी खोकी रचलेली होती. पैसे सुटले नाहीत तर ती ओहायोला भावाकडे परत जाणार होती. ती खोकी पाहिली आणि ओहायोच्या चौकशीत साक्ष द्यायचं मी तिथेच कबूल केलं.

चौकशी फोनवरच ठरली. एकाच लाइनवर ओहायोचा साहेब, ती आणि मी. माझ्या खिडकीतून ती दिसत होती. तिने चर्चचा झगा घातला होता आणि परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती.

"मिस्टर हॅरल्सन, तुम्ही या बाईंना काम देऊ केलंत का?"

"हो. म्हणजे नाही."

"पगार किती ठरवला होता?"

"काही नाही."

"कामाचे तास?"

"चोवीस," वर्ना मध्येच म्हणाली.

"आणि मुदत?"

"कायमची," मी म्हणालो.

पलीकडे साहेबांची टाइप करायची टकटक थांबली. "मिस्टर हॅरल्सन, हे नक्की काय होतं?"

गुळमुळीत बोललो तर खोकी भरली जाणार, हे मला दिसत होतं. म्हणालो, "साहेब, मी लग्नाचं विचारत होतो. मला नीट विचारताच आलं नाही. स्वयंपाक मला येतो, कपडे माझे मीच धुतो. मला फक्त त्या हव्या होत्या. संध्याकाळी समोर बसून मला नावं ठेवायला. माझा फार जीव आहे त्यांच्यावर. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. "लग्नाला आमच्या नियमात रोजगार धरत नाहीत. अडकलेले पैसे मिळतील. मिसेस प्रुइट, तुम्हाला काही सांगायचंय?"

"हो. माझं उत्तर दुरुस्त करून घ्या. मी नाकारलं ते धुणं आणि स्वयंपाक. आत्ता हे जे बोलले, ते मी पहिल्यांदाच ऐकतेय. त्याला मी नाही म्हटलेलं नाही."

"मॅडम, ते आमच्या खात्यात येत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी रिसीव्हर तसाच हातात धरून उभा होतो. समोर वर्नाने खिडकी उघडली.

"डेलबर्ट, इकडे या," ती म्हणाली. "आणि तेच परत एकदा बोला. आता मला."