उभ्याने पोहणाऱ्या वस्तादांचा सत्कार

सत्कार म्हटलं की माझे पाय दुखायला लागतात. हसू नका, खरंच सांगतोय. खुर्च्या मांडा, हारवाल्याकडे खेपा घाला, पाहुणे उशिरा येणार म्हणून ताटकळत बसा, आणि मग ज्याने जन्मात नदीत अंगठा बुडवला नाही त्याच्या तोंडून नदीचं माहात्म्य ऐका. दुसरी मोठी लढाई संपून घरी आलो त्याला दोन वर्षं झाली तेव्हा सांगलीत आमच्या वस्तादांचा सत्कार ठरला, आणि वस्तादांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्या अंगात तेव्हा हिवताप मुरलेला. सकाळी उठून चूळ भरली तरी दमायला व्हायचं.

वस्ताद म्हणजे कुस्तीतले नव्हेत, पाण्यातले. आडवे पोहणारे गल्लोगल्ली मिळतील, वस्ताद कृष्णेत उभ्याने पोहायचे. पाण्याखाली मांडी घातल्यासारखे पाय, ताक घुसळावं तशा फिरणाऱ्या पोटऱ्या, आणि छातीपासून वर सगळा माणूस कोरडा. दोन्ही हात मोकळे. भर पुरात तळहातावर तंबाखू मळत पैलतीराला गेलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. आसपासच्या संस्थानांत शर्यती व्हायच्या, पण त्यांच्या तोडीचा कुणी निघाला नाही. एकदा चांदीचं कडं मिळालं, ते त्यांनी नातवाला खेळायला दिलं. पायताण कधी घातलं नाही. "पायाला पानी कळाय पायजे," म्हणायचे. काठावरच्या फुफाट्यातही तसेच चालायचे.

पण त्यांचं नाव चहूकडे झालं ते पलटणीत जाणाऱ्या गड्यांमुळे. पहिल्या मोठ्या लढाईपासून त्यांनी एक रीत पाडली होती. साताऱ्याला भरतीला जायच्या आधी ज्याला समुद्र ओलांडायचा असेल त्याने आधी त्यांच्या डोहात उभं राहून दाखवायचं. सरकारने सांगितलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. आईबापच पोरांना घेऊन यायचे. परीक्षा अशी, की डोक्याला पटका बांधून डोहात उतरायचं, आणि वस्ताद घाटाच्या पायरीवर बसून एक अख्खा ऊस सोलून खाईपर्यंत उभं राहायचं. आणि खायचे किती सावकाश! एकेक कांडं असं चघळायचे की पाण्यातल्या माणसाला वाटावं, हा म्हातारा आज मला मारूनच उठणार. बाहेर आल्यावर ते पटक्यावरून हात फिरवायचे. कोरडा असला की "जा" म्हणायचे. झाली परीक्षा.

मी नदीकाठचा. पोहायला लागलो ते चालायच्या आधी, असं आई म्हणायची. माझा जोडीदार मात्र आटपाडीकडचा. तिकडे पाणी म्हणजे घागरीत असतं ते, अशीच त्याची समजूत. सांगलीत हळदीच्या वखारीत आम्ही दोघं पोती उचलायचो, एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो. भरतीला जायचं ते दोघांनी, हेही एकाच ताटावर ठरलं. चार महिने तो रोज डोहावर आला. कमरेला भोपळ्यांची सांगड बांधून मजेत तरंगायचा, पण सांगड सोडली की पाच मोजेपर्यंत खाली. त्याची मी इतकी टिंगल केली की आता आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

साताऱ्याला जायला दोन दिवस उरले तसा तो म्हणाला, "गड्या, तू दोनदा हुबा ऱ्हा की."

"आन् वस्ताद आंधळं हायती व्हय रं?"

"डोळ्यात फूल पडलंय त्येंच्या. पटक्याचा रंग तेवडा दिसतुया."

मला गंमत वाटली. आणि खरं सांगायचं तर घमेंडही वाटली. दोन उसांपर्यंत उभं राहणारा सगळ्या कृष्णाकाठाला एक वस्ताद सोडले तर दुसरा नव्हता. संध्याकाळी मी पांढरा पटका बांधून पहिल्यांदा उभा राहिलो. वस्तादांनी हात फिरवून "जा" म्हटलं. मग मी पुन्हा पाण्यात शिरलो आणि बुडी मारून गेलो तो घाटाला बांधलेल्या नावेच्या आड. तिथे तो गळ्यापर्यंत पाण्यात, काठ धरून बसला होता. त्याचा लाल पटका मी बांधला आणि परत डोहात गेलो. दुसऱ्या उसाला माझ्या मांड्या दगड झाल्या. डोळ्यांपुढे काजवे. पण राहिलो उभा. नावेच्या आड जाऊन पटका त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि तो ओलाचिंब, दात वाजवत पायऱ्या चढून गेला. वस्तादांनी हात फिरवला. क्षणभर थांबले. मग म्हणाले, "जा."

खोलीवर येऊन आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

दोघंही भरती झालो, आणि समुद्रापार जाताना आमची बोट बुडाली ती सकाळी, न्याहरी आटोपल्यावर. खालून काहीतरी बसलं आणि अख्खी बोट घरावरचं पत्र्याचं छप्पर उडावं तशी वाजली. तरंगायचे पट्टे खालच्या मजल्यावर होते आणि खालचा मजला आधीच पाण्यात गेला होता. बोट कलत होती. लोक उड्या टाकत होते. तो माझ्या शेजारी कठडा धरून उभा होता. त्याने देवाचं नाव घेतलं नाही, आईला हाक मारली नाही. मला म्हणाला, "पाय कसं मारायचं रं? सांग की एकदा."

मी सांगितलं. "मांडी घाल न् ढवळ. हात मोकळं सोड." एवढंच सांगितलं. चार महिन्यांत जे जमलं नाही ते मी दोन वाक्यांत शिकवायला निघालो होतो. मग बोट आणखी कलली आणि आम्ही पाण्यात गेलो.

दुपार कलेपर्यंत मी उभा होतो. तोंडात तेल, डोळ्यांत तेल. मग एका बोटीने उचललं. तो नव्हता.

आता सत्काराचं. समितीचे चिटणीस शाळामास्तर होते. निवृत्त झालेले, धोतराचा सोगा खिशात खोचणारे, बोलताना समोरच्याच्या छातीवर बोट टेकवायची सवय. ते माझ्या गावी आले तेव्हा मी उसाला पाणी पाजत बांधावर बसलो होतो.

"वस्ताद नकार देताहेत," म्हणाले. "मानपत्र लिहून तयार आहे. 'ज्यांचे शिष्य सातासमुद्रापार ताठ उभे राहिले' असं एक वाक्य मी स्वतः घातलंय. तुम्ही म्हणजे त्या वाक्याचा जिवंत पुरावा आहात! तुम्हीच त्यांना समजावा."

"नकार का देतायत?"

"म्हणतात, माझा एक गडी बुडाला, मी त्याला पास केला होता, मला कसली शाल पांघरता. अहो, लढाई होती! त्यात यांचा काय दोष?"

मास्तर आणखी बराच वेळ बोलले. मला ऐकू येत नव्हतं. मी घरी येऊन दोन वर्षं कुणाला ते दोन पटके सांगितले नव्हते, आणि माझ्या जिभेवर पडलेलं ते कुलूप त्या म्हाताऱ्याने स्वतःच्या गळ्यात अडकवून घेतलं होतं. त्यांची सगळी हयात, इतके गडी, इतकी वर्षं, आणि ते स्वतःला खोटं समजून बसले होते. माझ्यामुळे. जाऊन सांगणं भाग होतं. सांगितलं की ते सुटतील, एवढं मला कळत होतं. आणि मीही सुटेन, असं आत कुठेतरी वाटत होतं, हेही कबूल करतो.

सांगलीला गेलो. वस्ताद पडवीत सांगडीसाठी सुंभ वळत बसले होते. अंग सुकलं होतं, पण खांदे तसेच होते. मी पाया पडलो, समोर बसलो आणि काही प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. घाटाला बांधलेली नाव, तिचा आडोसा, पांढरा पटका, लाल पटका. सांगताना त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मुस्काटात बसेल म्हणून गाल तयार ठेवला होता. बसली असती तर बरं झालं असतं.

ते सुंभ वळत राहिले. मग म्हणाले, "म्हाईत हाय की."

"काय?"

"डोळं गेलं म्हनून कान गेलं व्हय रं? पान्याचा आवाज न्हाई यायचा मला? पाय तुजंच. मला तवाच कळलं."

"मग आवं वस्ताद, तुमी त्येला पास का केलं?"

त्यांनी सुंभ मांडीवर ठेवला. "म्हटलं, ह्यो गडी जोडीदारासाठी मरूस्तवर दुसऱ्यांदा हुबा ऱ्हायलाय. पाय गोळा झालं तरी बाहीर आला न्हाई. आसला गडी संगं हाय म्हंजी त्येला बुडू द्यायचा न्हाई. त्येच्या पायांवर न्हाई सोडला मी त्येला. तुज्यावर सोडला."

मी तिथे त्यांना सोडवायला गेलो होतो. मला रडू आलं नाही. राग आला. मला विचारलं होतं का कुणी? माझ्या पदरात एक माणूस बांधून दिला आणि मला पत्ताच नाही! ओठांवर आलेलं गिळलं, कारण दुसऱ्याच क्षणी ते वाकून म्हणाले, "आता येक सांग. तुला काय जमलं आसतं, काय न्हाई, ते मी इचारत न्हाई. पान्यात पडल्यावर हुडकलास का त्येला?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. पलटणीत विचारलं नाही, घरी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं, त्या प्रश्नाच्या आसपासच फिरत होतो.

"न्हाई," मी म्हणालो. "मी हुबा ऱ्हायलो."

वस्तादांनी बराच वेळ मान हलवली. मग ते हळू म्हणाले, "हुबं ऱ्हायलाच शिकवलं मी. चाळीस वर्सं येकेकाला हुबाच केला. शेजारच्याकडं कसं जायाचं, ते शिकवायचं माजं ऱ्हाऊनच गेलं."

मी म्हटलं, असं बोलू नका. ते म्हणाले, गप. मग त्यांनी सुंभ पुन्हा हातात घेतला. मी उठलो तसं त्यांनीच विचारलं, "त्यो मास्तर काय म्हनतुय? येतो म्हनावं. पर त्ये सातासमुद्राचं खोडून टाक म्हनावं."

सत्कार घाटावरच झाला. मास्तरांनी हळहळत ते वाक्य खोडलं. पाहुणे उशिरा आले, नदीचं माहात्म्य झालं, शाल-नारळ झाला. वस्ताद अनवाणीच आले होते आणि खुर्चीत अवघडून बसले होते. दोन शब्द बोला म्हटल्यावर उठून म्हणाले, "माजा येक गडी बुडाला. शिकवन्यात माजी चूक हुती. ज्येला शिकायचं हाय त्येनी सोमवारी या. येकटं येऊ नका, जोडीनं या." आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते लोकांना कळेना. मास्तरांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या.

सोमवारी गडी आले. त्यानंतर दर उन्हाळ्याला येत राहिले. शेजारच्या गावांतूनही, पार कराड-साताऱ्याकडूनही. परीक्षा आता अशी झाली होती, की डोहाच्या मधोमध बुडणारा माणूस असेल, त्याला गाठायचं आणि काखेत हात घालून काठाला आणायचं. बुडणारा माणूस मी होणार का, हे वस्तादांनी मला विचारलंही नाही. पहिल्याच सोमवारी डोहाकडे बोट दाखवून म्हणाले, "जा." मी गेलो.

लोकांना वाटायचं, सोपं काम आहे, नुसतं पडून राहायचं. सोपं नाही. मध्यावर जायचं, श्वास सोडायचा आणि खाली जायचं. कुणीतरी येईल म्हणून थांबायचं. एकेका दिवशी मी नऊ-दहा वेळा बुडायचो. काही गडी वेळेवर यायचे, काही वाट चुकायचे, आणि वर हिरवट उजेड हलत असायचा. छाती फुटायला आली की माझे पाय आपसूक मांडी घालायचे आणि ढवळायला लागायचे. वस्ताद काठावरून ओरडायचे, "पाय बंद! पाय बंद कर!"

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत ते ओरडत होते. मला ते एकदाही जमलं नाही.