वानरं आमच्या खिडकीकडे पाहत होती

आमच्या घरी वाघाचा खेळ येऊन वर्ष झालं, पण तो अजून कोणी खेळलेला नाही.

खेळ म्हणजे कम्प्युटरवरचा. माझा मुलगा विलास जंगलाच्या मोहर्ली गेटवर सफारीची जिप्सी चालवतो. आठवडाभर पाहुण्यांना वाघ दाखवतो आणि मंगळवारी जंगल बंद असलं, की घरात बसून वाघ शोधतो! बरं, शोधतो म्हणावं तर तेही नाही. नुसती सेटिंग करतो. गवत किती दाट दिसावं, सावली किती लांब पडावी, माउस किती सरकवला की मान किती वळावी. गवत वाढवलं की कम्प्युटर अडकतो, कमी केलं की विलासचं तोंड उतरतं. सून म्हणते, एवढ्या वेळात खरं गवत कापून झालं असतं.

अशाच एका मंगळवारी सकाळी त्याने मला खेळातलं जंगल तपासायला खोलीत बोलावलं, कारण गावात माझा कान मोठा. मोहफुलाच्या दिवसांत बाया जंगलात शिरण्याआधी माझ्या अंगणात थांबायच्या. मी कानोसा घ्यायची, "जा" म्हणायची, आणि मगच त्या जायच्या. कोणतं वानर कुठं आणि कशापायी ओरडलं, हे मी चुलीपाशी बसून सांगायची. (सांगायची. आता नाही.) मोहाचं फूल पहाटे गळतं. सकाळीच वेचलं नाही तर चितळं खाऊन मोकळी होतात. म्हणजे माझ्या एका शब्दावर प्रत्येकीची टोपली! त्या दिवशीही मी बायांना "जा" म्हटलं आणि मग विलासकडे गेले.

खोलीत अंधार. खेळाचं म्हणणं होतं म्हणे, की पडद्यावरचं एक चिन्ह जेमतेम दिसेल एवढाच उजेड ठेवा. विलासने खेळातला उजेड कमी करायचा सोडून खिडकीवर कांबळं टांगून घरातलाच कमी केला! स्पीकर खिडकीत ठेवले होते, कांबळ्याच्या मागे.

पडद्यावर जंगल होतं. पानं हलत होती, पण वाऱ्याचा आवाज नाही. पाखरू नाही, किडा नाही. मला ते जंगल बघवेना.

"हे मेलेलं जंगल हाय," मी म्हटलं. "याच्यात वाघ फिरते, मंग वानर काऊन ओरडत नाई?"

इथंच मी गप्प बसायला पाहिजे होतं.

विलासच्या मोबाइलमध्ये सफारीत टिपलेले वानरांचे कॉल होते. (वाघ पाहून वानर जे खाकरतं, त्याला गेटवर सगळे कॉलच म्हणतात.) तेच खेळाच्या फायलीत घालतो म्हणाला आणि एकेक ऐकवू लागला. पहिला मी नापास केला. ते वानर नुसत्या शंकेने ओरडलं होतं. दुसरं कुत्र्याला भ्यालं होतं. तिसरा ऐकला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हा घाल," मी म्हटलं. "यानं वाघ डोयानं पाह्यला."

विलासने तो घातला, आवाज पूर्ण चढवला आणि खेळ सुरू केला. खक्! तो मेलेला पडदा एकदम जिवंत झाला. खक्! पुढचा कॉल तर छपरावरून आला. मी त्याची तारीफ केली, की बाबा, सेटिंग जमली तुझी, आता वरतूनबी आवाज येऊन राह्यला.

विलासने आवाज शून्यावर आणला. खक्. स्पीकरची वायर उपटली. खक्, खक्. मग कम्प्युटरच बंद केला. पडदा काळा झाला, आतल्या पंख्याची घरघर थांबली, आणि त्या अंधारात आमच्या डोक्यावर कॉल चालूच! एका गळ्यातून नाही, कितीतरी गळ्यांतून. गोठ्यात गाय धडपडून उभी राहिली.

तेवढ्यात शेजारची देवका दार बडवू लागली. ती मोहाखालून अर्ध्यातून पळत आली होती. टोपलीत फुलांचा नुसता तळ झाकलेला.

"बाई, तुमीच जा म्हटलं अन हे काय? खरा हाय का तो?"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "वानर खोटं बोलत नाई. सगळ्याईले वापस बोलाव."

देवकाने अशी हाक घातली की जंगलातल्या साऱ्या बाया धावत गावात आल्या. माणसं काठ्या घेऊन निघाली. आता आमच्याकडे लेकरालाही ठाऊक असतं, की वाघ कुठं आहे ते वानराच्या नजरेवरून पाहायचं. सगळ्यांनी आमच्या छपरावर झुकलेल्या चिंचेवर पाहिलं. पिल्लं पोटाशी धरून अख्खी टोळी बसली होती. ती काळी तोंडं पापणी न हलवता एकाच जागी पाहत होती. आमच्या खिडकीकडे.

कोणीतरी हळूच म्हणालं, "यायच्या घरात हाय वाघ." लोक माझ्याकडे असे बघू लागले, जसं वाघाने मला कालच नेलं! मी मागे वळून पाहिलं. अंधाऱ्या खोलीत कांबळं एकटंच हलत होतं. मी अनवाणी अंगणाच्या पार पळाले.

तेवढ्यात वनरक्षक आला. "आजी, घरात कोण हाय?"

"विलास," मी म्हटलं आणि गळा काढला.

तर विलास दारात. हातात स्पीकर, त्याची वायर खाली लोंबत असलेली. "रडू नको माय," तो म्हणाला. "वाघ म्हणजे हा हाय."

वनरक्षकाचा विश्वास बसेना. विलासने मोबाइलवर तोच कॉल लावला, आणि अख्खी चिंच उलट ओरडली. कोणी हसलं नाही. बाया तशाच मोहाकडे परतल्या, पण तोवर चितळांनी जमीन झाडून नेल्यासारखी केली होती. देवका परत आली आणि माझ्या ओसरीवर तिने टोपली पालथी केली. वाळली पानं आणि धूळ.

आता बाया माझ्या अंगणात थांबत नाहीत. परवा चिंचेवर खराच कॉल झाला. कम्प्युटर बंद, विलास गेटवर! मी दारात उभी राहून ओरडले, की थांबा, हा खरा हाय. देवकाने डोक्यावरची टोपली नीट केली आणि जाता जाता म्हणाली, "बाई, पहिले आवाज कमी करा."

मग काय, सगळ्या गावाच्या वाटणीची भीती पोटात घेऊन मी एकटीच दाराला कडी लावून बसले.