अप्पांनी न भरलेला फॉर्म

माझे वडील विसरभोळे झाले नव्हते. ते खोटं बोलत होते.

हे मला परवा कळलं. आज अप्पांना जाऊन वर्ष झालं, आणि त्यांच्याबद्दल नक्की काय वाटून घ्यावं हेच मला कळेनासं झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अप्पा नारायण पेठेतल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचे बरीच वर्षं चिटणीस होते. सराव येरवड्याला, भाड्याच्या मैदानावर. क्लबचं ऑफिस म्हणजे आमचं डायनिंग टेबल. आम्ही जेवायला बसलो की ऑफिस बंद.

बँकेतून रिटायर झालेला हा माणूस परदेशातल्या मोठमोठ्या क्लबांचे ताळेबंद नेटवर शोधून वाचायचा. कोणाला टीव्हीचे किती मिळाले, कोणी खेळाडू केवढ्याला विकत घेतला आणि तो खर्च पाच वर्षांवर कसा पसरून दाखवला, सगळं तोंडपाठ.

"तिथे लीगमध्ये शेवटच्या नंबरावर आलेल्या क्लबलाही टीव्हीचे पैसे मिळतात," ते सांगायचे.

"आणि आपल्याला?"

"आपल्याकडे टीव्हीवाले एकदाच आले होते. मैदानात पाणी शिरलं तेव्हा."

मी हसायचे आणि पोळ्या लाटत राहायचे.

निलेश आमच्या क्लबचा. लोणी काळभोरहून दोन बस बदलून यायचा, बारा वर्षांचा असल्यापासून. अठराव्या वर्षी त्याला एका मोठ्या क्लबने बोलावलं. पहिला खराखुरा, पगाराचा करार.

अशा वेळी नव्या क्लबने मुलाला घडवणाऱ्या छोट्या क्लबला भरपाई द्यायची असते. छोट्या क्लबने फक्त मुदतीत फॉर्म भरायचा. त्या पैशांत आमचं मैदानाचं भाडं बरेच दिवस निघालं असतं.

मुदत टळून गेली. कमिटीच्या मीटिंगमध्ये अप्पा एवढंच म्हणाले, "विसरलो."

मीटिंग आमच्याच टेबलावर होती. मी चहा घेऊन उभी होते.

क्लबचे अध्यक्ष मोहनकाका म्हणाले, "अहो, जगातल्या क्लबांचे हिशेब आपल्याला पाठ, आणि आपला एक फॉर्म भरवत नाही? आता आपण आराम करा."

अप्पांनी तिथेच चिटणीसपद सोडलं.

पैसे नव्हते म्हणून त्या वर्षी तेरा वर्षांखालची टीम बंद झाली.

मी घाबरले. आमच्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. अप्पांना न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं.

डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. अप्पा दोनपर्यंत पोचले आणि म्हणाले, "अजून खाली जाऊ? आमच्या क्लबमुळे उण्याची सवय आहे."

"ताई, यांची मेमरी माझ्यापेक्षा चांगली आहे," डॉक्टर म्हणाले.

मी विश्वास ठेवला नाही. रिपोर्ट फाइलमध्ये ठेवला आणि स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली.

त्यांनी ती कधी मागितली नाही. मी दिवसातून चार वेळा विचारायचे, "अप्पा, गोळी घेतलीत ना?" ते "हो" म्हणायचे.

अशी दोन वर्षं. मग हार्ट अटॅक.

परवा निलेश घरी आला. अप्पांच्या फोटोसमोर बसला. मी सहज म्हणाले, "शेवटी शेवटी फार विसरायचे रे."

"अप्पा इसरले न्हवते, ताई."

"म्हणजे?"

"त्या क्लबनं सांगितलं होतं, भरपाई मागणार असाल तर पोरगा नको. माझ्यासारखा दुसरा त्यांनी बघून ठेवलावता. दोन दिवसांत पत्र पायजे होतं. अप्पांनी लेटरहेडवर लिहून दिलं, आमची काही मागणी नाही."

"कमिटीला न विचारता?"

"इचारलं असतं तर मोहनकाका हो म्हणले असते का?"

नसते म्हणाले.

"मला म्हणले, तू गप बस. मी विसरलो म्हणून सांगतो. या वयात विसरलेलं चालतं."

तेव्हापासून मी तेच ते मोजत बसलेय. एकदा गॅस चालू राहिला होता, ते खरं विसरणं होतं का? मला दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली, ते? की एकदा विसरलो म्हटल्यावर पुढे तसंच वागावं लागलं?

आणि ते पैसे काही अप्पांचे नव्हते. निलेशला करार मिळाला, पण त्या तेरा वर्षांखालच्या मुलांना कोणी विचारलं? त्यांच्यातलं कोणी दोन बस बदलून येत असेल तर?

मी रागावलेय का? माहीत नाही. अभिमान वाटतोय का? तेही धड सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र आठवतेय. निलेशच्या कराराच्या सुमारास एकदा जेवताना अप्पा म्हणाले होते, "समज, एखाद्या छोट्या क्लबने आपला हक्क सोडून दिला..."

मला वाटलं, परदेशातलंच काहीतरी. मी म्हणाले, "अप्पा, वरण गार होतंय."

ते जेवायला लागले.

हे लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. न लिहावं तर अप्पा सगळ्यांच्या लेखी विसराळू म्हातारा म्हणून राहतात. लिहावं तर क्लबला फसवणारा चिटणीस. निलेशला फोन केला. तो म्हणाला, "लिवा, ताई. माझं नाव पण घाला."

मोहनकाका, तुम्ही हे वाचणार. काय बोलायचं ते घरी येऊन बोला, टेबल तिथेच आहे. चिडलात तर तुमचं बरोबर आहे. फक्त 'विसरले' म्हणू नका.

अप्पा, किल्ली तांदळाच्या डब्यात होती. तुम्हाला माहीत असणारच.

मला तरी सांगायचं होतंत.

नमस्कार करते.