औषध लागलं

मी खेळाची बाई. गळ्यात शिट्टी आणि नाकावर राग, अशी माझी त्या शाळेत ओळख होती, आणि ती काही खोटी नव्हती. माहेर सांगलीकडचं, नोकरी लागली ती थेट यवतमाळ जिल्ह्यात, बाभुळगावहून एसटीनं अर्ध्या तासावरच्या एका गावात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की नववी-दहावीच्या पंधरा-वीस पोरापोरींना मी मागं ठेवून घ्यायचे आणि प्रथमोपचार शिकवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. मी एका शिबिरात शिकून आले होते, प्रमाणपत्र मिळालं होतं आणि मला वाटायचं, आपल्याला आता यातलं सगळं कळतं.

शिबिरात छाती दाबायचा सराव करायला रबरी पुतळा होता. आमच्याकडे कुठला! पोरांनी खताच्या पोत्यात कापूस कोंबून एक माणूस तयार केला आणि त्याला कुणाची तरी जुनी पँट चढवली. हा नुसता पडून राहायचा आणि सगळे त्याची सेवा करायचे, म्हणून त्याचं नाव पडलं जवाईबुवा. 'जवाईबुवाचा दम बंद झाला, धावा रे पोट्टेहो!' असा एकदा ओरडा झाला की वर्ग खिदळायला लागायचा. मी शिट्टी मारून दरडावायचे, पण हसू मलाही आवरायचं नाही.

फोनवर मात्र मी थट्टा चालू द्यायचे नाही. मदतीसाठी फोन केला तर तीन वाक्यं बोलायची. कुणाला झालं, काय झालं, आता तो कसा आहे. बास. रडायचं नाही, पाल्हाळ लावायचं नाही, आणि शुद्ध बोलायचं. 'त्याले चक्कर येऊन राह्यली' असं कुणी म्हटलं की माझी शिट्टी वाजलीच. "त्याले काय, त्याले! त्याला म्हण. फोन घेणारा माणूस कुठला असेल काय माहीत! त्याला कळायला नको?" आणि वर आणखी एक बजावायचे, की पलीकडून सांगतील तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल पाजळायची नाही. हे सगळं माझंच बोलणं आहे, शब्दन् शब्द.

दहावीतली एक मुलगी या सगळ्यात फार तयार होती. हाडकुळी, लांब वेणीची, डोळे सारखे माझ्या हातांकडे लावलेले. पट्टीची गाठ एकदा बघितली की दुसऱ्यांदा दाखवावी लागायची नाही. वडील नव्हते. आई शेतमजुरीला जायची आणि मोठा भाऊ हंगामात रोजानं लोकांच्या वावरात फवारणी करायचा. दोन महिन्यांत तिनं माझ्यासमोर 'मले' आणि 'तुले' म्हणणं पार सोडून दिलं. मला कोण अभिमान वाटला होता!

त्या वर्षी कपाशीवर अळी आली आणि ती काही केल्या मरेना. लोक पुन्हा पुन्हा फवारत होते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणारा आत शिरला की दिसायचा नाही, नुसता पंपाचा आवाज यायचा. वर्गात हजेरी घेताना 'कुठं गेला हा?' विचारलं की 'औषध माराले गेला' हे उत्तर ठरलेलं. म्हणजे औषध कशाला म्हणतात हे मला ठाऊक होतं. नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

अशाच एका शुक्रवारी ती मुलगी म्हणाली, भावाला ताप आहे. मी म्हटलं, दवाखान्यात ने, गोळ्या देतील, दोन-तीन दिवसांत उतरेल. शनिवारी म्हणाली, गोळ्या आणल्या. आणि रविवारी दुपारी चारच्या सुमाराला तिचा मला फोन आला. दिवाळी तोंडावर होती, मी चिवड्याचे पोहे परतत होते.

"मॅडम, माझ्या भावाला औषध लागलं. त्याला खूप घाम सुटला आहे. तो झोपतो म्हणतो."

तीन वाक्यं. कुणाला, काय, कसा. सगळ्यात आधी माझ्या मनात काय आलं ते सांगून टाकते, कारण ते लपवायचं तर हे लिहू तरी कशाला? माझ्या मनात आलं, 'भावाला' म्हणाली, 'भावाले' नाही. मला आनंद झाला! देवा, मला आनंद झाला होता.

आमच्या भागात औषध लागू पडतं. म्हणजे गुण येतो, माणूस बरा व्हायला लागतो. 'लागलं' म्हणजे तेच, असं माझ्या कानांनी परस्पर ठरवून टाकलं. ताप होता, गोळ्या आणल्या होत्या, आता घाम आला, सगळं कसं जुळत होतं.

"अगं वा!" मी म्हटलं. "औषध लागलं ना, मग झालं तर. ताप उतरताना घाम येतोच. झोपू दे त्याला."

"उठवू नको, मॅडम?"

"अजिबात उठवू नको," मी म्हटलं. पोहे करपायला लागले होते. "छान सांगितलंस हं, शाब्बास." आणि फोन ठेवला.

सोमवारी ती शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसले होते, तेवढ्यात आमचे शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमच्या त्या पोरीच्या भावाले औषध लागलं म्हंते. काल यवतमाळले नेलं त्याले."

"हो, मला फोन आला होता तिचा," मी म्हटलं. "बरं वाटतंय की त्याला. मग यवतमाळला कशाला नेलं?"

मामा दारातून आत आले. "बरं वाटते? कोणाले? मॅडम, मशीनवर हाय तो. घशात नळी टाकली त्याच्या."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना आत्ता, औषध लागलं म्हणून?"

"तेच त सांगून राह्यलो!" मामांचा आवाज चढला. "औषध लागलं! फवाऱ्याचं! अंगात भिनते ते, माणूस मरते त्यानं!"

मी उभी राहायला गेले आणि डबा खाली पडला, भाजी फरशीवर सांडली, आणि मी ती पुसायला बसले. पुसतच राहिले. मामांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, दीडची गाडी आहे. त्यांना काहीच माहीत नव्हतं. शिक्षिकेचा विद्यार्थिनीवर जीव आहे, एवढंच त्यांना वाटलं असणार.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातला तो वॉर्ड मी कधी विसरायची नाही. तसलेच आणखी पेशंट होते, सगळे तरणेताठे. काहींचे हात खाटेला बांधलेले. विषावरच्या इंजेक्शनानं माणूस भ्रमात बडबडतो, नळ्या उपटून काढतो, म्हणून बांधावे लागतात, असं नर्सनं सांगितलं. तिचा भाऊ कोपऱ्यातल्या खाटेवर होता. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होते. ओठांवर नुकती मिसरूड, घशात नळी, आणि यंत्राच्या तालावर छाती वरखाली होत होती. दोन दिवस काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

ती खाटेशी उभी होती. काय झालं ते मी तिला तुकड्यातुकड्यानं विचारलं. ताप होता तरी रोज बुडू नये म्हणून तो रविवारी सकाळी फवारणीला गेला होता. मी सांगितलं तसं तिनं त्याला झोपू दिलं होतं. आई कामाला गेलेली. ही उशाशी बसून पंख्यानं वारा घालत राहिली, एक तास, त्याहून थोडं जास्तच. मग त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. दंडावरचं मांस आपोआप फडफडायला लागलं आणि हाका मारल्या तरी तो ओ देईना. तेव्हा कुठे तिनं माझं ऐकणं सोडलं. स्वतःच्या हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, त्याचा फवाऱ्यानं भिजलेला शर्ट कात्रीनं कापून काढला, साबणानं अंग धुतलं, कुशीवर वळवलं, शेजाऱ्याचा ऑटो बोलावला आणि औषधाचा रिकामा डबा सोबत घेतला, डॉक्टरांना दाखवायला. यातलं कुशीवर वळवणं तेवढं मी शिकवलेलं. बाकी सगळं तिचं. माझ्या पुस्तकात फवारणीचं पानच नव्हतं. कपाशीच्या मुलखात बसून मी पोरांना गॅसचा स्फोट झाला तर काय करायचं ते शिकवत होते!

तेवढ्यात तरुण डॉक्टर फेरीला आले. तिकडचेच असावेत, बोलण्यावरून. कागद बघून त्यांनी तिला विचारलं, "घाम सुटल्यावर तासभर काय करून राह्यली होती तू? तवाच काहून नाही आणलं?"

मी तिच्या शेजारीच उभी होते. खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

"मले समजलं नाही, सर," ती म्हणाली.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. सबंध शाळेवर ओरडणारी मी, माझ्या घशातून आवाज फुटेना.

आणि तो पुढचे चार दिवस फुटला नाही. रोज शाळा सुटली की मी यवतमाळची गाडी पकडायचे, दूध-बिस्किटं घेऊन जायचे आणि वॉर्डाबाहेर त्या मायलेकींजवळ फरशीवर बसायचे. आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची. "पट्ट्या बांधाले शिकली म्हणे शाळेत! भाऊ मरून राह्यला अन् हे पोट्टी पंखा घालत बसली!" मुलगी खाली मान घालून ऐकायची. मग आई माझ्याकडे वळून डोळे पुसत म्हणायची, "तुम्ही लय चांगल्या हा मॅडम. एवढ्या दुरून रोज येता." हे ऐकून घेत मी तिथं बसत होते. लाज वाटते लिहायला, पण बसत होते.

पाचव्या दिवशी जिन्यावर ती एकटी भेटली तेव्हा मी तिला विचारलं. "आईला का सांगत नाहीस? तू मला फोन केला होतास, मी झोपू दे म्हटलं. सांग ना!"

तिनं खरोखरच विचार करून उत्तर दिलं. "मीच बराबर सांगितलं नसन, मॅडम. घरी आम्ही म्हणतो, फवारा लागला. तुमच्यासमोर बोलाचं होतं म्हणून मी मनात वाक्य बनवलं. फवाऱ्यापेक्षा औषध शुद्ध वाटलं मले. माझंच चुकलं काहीतरी."

फवारा लागला म्हणाली असती तर मला कळलं असतं. कळलंच असतं! मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि मला रडायला आलं, मोठ्यानं, माणसं वळून बघतील असं. ती बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "नका रडू, मॅडम. आज नळी काढली त्याची. डॉक्टर म्हणाले वाचला."

वाचला. हे कळल्यानंतरच माझी जीभ सुटली, हेही इथं नोंदवून ठेवते. तो गेला असता तर मी बोलले असते की नाही, मला माहीत नाही.

ती भावासाठी चहा आणायला खाली गेली. मी आईजवळ जाऊन बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. "तिला बोलू नका. तिनं त्याच वेळी मला फोन केला होता. भावाला औषध लागलं, असं अगदी नीट सांगितलं होतं. मीच म्हटलं झोपू दे, उठवू नको. मला वाटलं, तापाच्या गोळीचा गुण आला. आमच्या भागात औषध लागू पडलं म्हणजे माणूस बरा होतो. तिचा काही दोष नाही. सगळा माझा आहे."

मी शिव्यांची वाट बघत होते. कानफटात मारली असती तरी चाललं असतं. पण आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कपाळावर आठ्या घालून ती माझं बोलणं पुन्हा एकदा मनात लावून पाहत होती.

"काय म्हंता, बाप्पा!" ती म्हणाली. "तुमच्या इकडं औषध लागलं म्हंजे माणूस बरा होते?"

"हो," मी म्हटलं.

"बरं हाय मंग तुमच्या इकडं."