दोन पाळ्यांचा रातांबा

सूर्याशी स्पर्धा करायला निघालेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नशीब बघा, तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बरं, स्पर्धा कुठे, तर रत्नागिरीत! जिथे एप्रिलच्या दुपारी पत्र्याला हात लावायची सोय नसते, जिथलं ऊन कुणी फुकट घेऊन जाईल तर लोक त्याला वर भाड्याचे पैसे देतील, तिथे. पण मामांचा फ्लॅट तळमजल्याचा, तिन्ही बाजूंनी इमारती, चौथीकडे जिना, आणि आवारात सोसायटीने फरशी घातलेली. त्या घरात ऊन म्हणून जे येतं ते समोरच्यांच्या खिडकीच्या काचेवरून परतून, दुपारी पंधरा मिनिटं. अशा घराच्या मधल्या खोलीत मामांनी रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड वाढवलं आहे. कुंडीतलं शोभेचं रोप नव्हे हो, झाड. मोठ्या निळ्या पिंपात उभं, छताला टेकायला आलेलं, आणि त्याच्यावरचा एकूण एक दिवा मामांनी स्वतःच्या हाताने बनवलेला.

झाड आलं कुठून, ते आधी सांगायला हवं. मामींचं माहेर राजापूरच्या अलीकडे, हायवेला लागून. अंगणाच्या कडेला रातांब्याचं जुनं झाड होतं, आणि मामींच्या लहानपणीची सगळी आमसुलं त्या एका झाडाची. हायवे रुंद करायला घेतला तेव्हा अंगण गेलं, झाड गेलं. मामी रडल्याबिडल्या नाहीत. फक्त माहेरचा विषय निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जायला लागल्या. चाळीस वर्षांच्या संसारात मामांना बायकोच्या मनातलं काय कळलं असेल ते देव जाणे, पण हे मात्र कळलं. झाड पडायच्या आठवड्यात त्यांनी तिथले रातांबे गोळा करून आणले होते. बिया पेरल्या, त्यातली एकच जगली. याच झाडाचे रातांबे तुला खायला घालीन, असा शब्द देऊन मामा कामाला लागले. मामी एवढंच म्हणाल्या की पिंप मोरीच्या वाटेत नको.

मामा जन्मभर लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन. त्यामुळे ऊन नाही ही अडचण त्यांच्या दृष्टीने निसर्गाची नव्हतीच, वायरिंगची होती. बाजारात झाडांसाठीचे तयार दिवे मिळतात, पण तयार वस्तू आणणं म्हणजे त्यांच्या लेखी शरण जाणं. इमारतीतले बंद पडलेले बल्ब ते मागून आणायचे, फोडायचे, आतल्या एलईडीच्या टिकल्यांपैकी मेलेली एक शोधून बाकीच्या जिवंत बाहेर काढायचे. त्या टिकल्या बसवायला सरकत्या खिडक्यांची ॲल्युमिनियमची पट्टी. "जावईबापू, एलईडी उजेडाने मरत नाही, गरमीने मरते," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की झोपेतसुद्धा मी ते म्हणून दाखवीन. उजेड वाया जाऊ नये म्हणून पिंपाभोवती वेफर्सच्या पाकिटांची चंदेरी बाजू. त्यापायी माझ्या मुलींनी दोन महिने मामांच्या आज्ञेवरून वेफर्स खाल्ले. कुणाकडे पूजेला गेले तर मामा आधी देवाला नमस्कार करतात, मग मान वर करून दिव्यांना. मी मराठीचा मास्तर. घरातली ट्यूब गेली तर मी शांतपणे अंधारात बसतो. त्यामुळे या माणसापुढे मी आधीपासूनच निम्मा वाकलेला आहे.

पहिले दिवे लाल-निळे होते, कारण पानांना म्हणे तेच रंग लागतात. खोली जांभळी झाली. जिन्यावर जांभळा उजेड सांडायचा, आणि येणारेजाणारे विचारायचे की गणपतीची आरास अजून उतरवली नाही का. मामा बधले नाहीत. त्यांना बधवलं ते मासेवाल्या काकूंनी. दारात पाटी उतरवली की त्यांचे ताजे बांगडे त्या उजेडात चार दिवसांचे दिसायचे, आणि मागून येणारं गिऱ्हाईक नाक मुरडून निघून जायचं. एके सकाळी त्यांनी सांगून टाकलं, दिवा बदला नाहीतर या दाराशी मासे बंद. मामा दिवसभर विचारात. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या उजेडात बांगडाच काय, पानावरची कीडसुद्धा दिसत नाही. आठवड्याभरात सगळे दिवे पांढरे झाले, आणि झाड पहिल्यापेक्षा जोमाने फुटलं. संशोधनात आपला वाटा आहे हे काकूंना अजून ठाऊक नाही.

झाडाचं वेळापत्रक कंपनीचं. सकाळी सहाला फर्स्ट शिफ्ट, दुपारी दोनला सेकंड, रात्री दहाला दिवे बंद. थर्ड शिफ्ट मी आयुष्यभर केली, झाडाला करू देणार नाही, असं ते म्हणाले तेव्हा मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर फक्त झाडाला. मग मामी पिंपाशेजारी बसून तांदूळ निवडणार आणि पाहुणेही तिथेच पाट ओढून घेणार.

सातव्या वर्षी, थंडीत, फुलं आली. मामांनी फोनवर ती बातमी मला तीनदा सांगितली. मी शाळा सुटल्यावर तसाच गेलो. फांद्यांवर पिवळसर, बारीक फुलं, आणि सूर्य म्हणून ज्याने काही पाहिलेलंच नाही अशा झाडाला ती आलेली! मी चप्पल काढली. खरंच काढली. मामा फुलं घेऊन एका नर्सरीवाल्याकडे गेले आणि तासाभराने परतले ते खाली मान घालून. झाड नर होतं. रातांब्यात नर वेगळा, मादी वेगळी, आणि नराला जन्मात फळ धरत नाही. मामांना नर-मादी ठाऊक ती प्लग आणि सॉकेटची. शेतीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

उपाय होता. शेंडा छाटायचा आणि मादी झाडाची काडी वर बांधायची. दोन-तीन वर्षांत रातांबे. पुढच्या रविवारी मामांनी ओल्या फडक्यात गुंडाळून काडी आणली, सुरीला धार लावली आणि मला बोलावून घेतलं. शेंड्याला हात घालणार इतक्यात मामी स्वयंपाकघरातून आल्या.

"सुरी ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "रातांबे बाजारात मिळतात. ह्याची मान कापून दुसऱ्याची बसवलीत तर माझ्या माहेरचं काय राहिलं?"

मामा म्हणाले, "अगं, पण मी शब्द दिला होता तुला."

"निम्मी रोपं नर निघतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग सात वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही लावलं असतंत का?"

मामांनी सुरी ठेवली. चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मी खिडकीकडे बघत राहिलो. मामींनी पिंपाखाली गळून पडलेली फुलं वेचून तळहातावर घेतली आणि म्हणाल्या, आमच्या अंगणात सकाळी अशीच पडलेली असायची. इतक्या वर्षांत माहेरचं काही त्या आपणहून बोललेल्या मी पहिल्यांदा ऐकलं. मामा घसा खाकरून म्हणाले की फुलांवर उजेड जरा कमी पडतोय, दिवा वीतभर खाली घेतला तर चार दिवस जास्त टिकतील. ते स्टुलावर चढले. धरायला मी उठणार होतो, पण मामी आधीच उठल्या होत्या, म्हणून मी बसून राहिलो.