तीन मुक्कामांचं विमान

चूक माझीच होती, ते आधी सांगून टाकतो. मी वडिलांशी खोटं बोललो. भूतखेत, चमत्कार यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. पण त्या प्रवासात जे झालं ते...

आमचं गाव बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. आबांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर मेंढरं राखली. दरसाल दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे. त्यामुळे कुठलंही अंतर ते मुक्कामांत मोजायचे – वाटेत किती रात्री पडतील, तेवढं लांब. मी लंडनला नोकरीला. वय झालं म्हणून कळप विकायचा ठरला, तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं, "मेंढरांना निरोप द्यायला तू पायजेस. किती मुक्काम लागत्यात तुला?"

लंडन ते मुंबई सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर, थेट विमानाने नऊएक तास. पण मला रजा टाकायची नव्हती. म्हणालो, तीन मुक्काम, वाटेत विमानं बदलावी लागतात.

"व्हय, इमानालाबी दम खायला लागत आसंल," आबा म्हणाले.

पुन्हा कधी त्यांनी ये म्हटलं नाही. उलट गावभर सांगायचे, पोरगं तीन मुक्काम लांब हाय, त्याला उगा तरास देऊ नका.

दोन वर्षांनी अक्काचा, थोरल्या बहिणीचा, फोन आला – आबांनी अन्न सोडलंय, असशील तसा निघ. सकाळचं थेट विमान मिळालं. दाढी करून निघालो. सीट मधली, दोन्हीकडचे प्रवासी गाढ झोपलेले. समोरच्या स्क्रीनवर मुंबई किती किलोमीटर राहिली ते दिसत होतं. निम्मं अंतर कापलं... आणि आकडा थांबला.

खिडकीतलं ऊन हलेना. बेल दाबली, कुणी आलं नाही. शेजाऱ्याला हलवलं, तो जागा होईना. पट्टा सुटेना. मग इंजिनाचा आवाज बसत गेला आणि ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा वास आला – कळप रात्रीचा मुक्कामाला बसतो ना, तसा. कितीतरी वेळाने आवाज पुन्हा चढला. आकडा तोच. असं तीनदा झालं. आबा जातील आणि मी इथेच बसून राहीन, एवढंच डोक्यात.

तिसऱ्यांदा आवाज चढला आणि आकडा उतरू लागला. मुंबईला विमान अगदी वेळेवर टेकलं. शेजारचे गृहस्थ, नाशिकचे, माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, चढताना तुमची दाढी केलेली होती ना?"

हनुवटीला हात लावला... चांगली तीन दिवसांची वाढलेली.

टेन्शनमुळे भास झाला, असं माझा डॉक्टर मित्र म्हणतो. असेलही. दाढीचं काय, ते मात्र त्यालाही सांगता येत नाही, मलाही नाही.

घरी पोचलो तेव्हा आबा ओसरीवर खाटेवर होते. जिवंत होते, नजर तेवढी गेली होती. त्यांनी माझा चेहरा चाचपला. हनुवटीवर हात थांबला.

"तीन मुक्काम काढून आलास लेकरा. लई दमला आसशील."

गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं.

"आबा, वाट एका दिवसाचीच व्हती," मी म्हणालो. "तवाबी तेवढीच व्हती. मी खोटं बोललो तुमच्याशी. चुकलो."