उभ्याने भाजायची शेगडी

कुणकेश्वरला आमच्या परसात पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला संध्याकाळी कोळशावर भाजलेले मासे हवे असतात. आधीची पत्र्याची शेगडी खाऱ्या वाऱ्याने गंजून चाळणीसारखी झाली, तेव्हा मी आणि बायको नवी बघायला देवगडला गेलो. सकाळीच पाहुण्यांची गाडी गेली होती आणि दोघांच्याही अंगात त्राण नव्हतं.

दुकानात पत्र्याची हलकी शेगडी होती, पण तिची गत आम्हाला ठाऊक होती. झाकणाची गोल शेगडी दिसायला देखणी होती, मात्र तिचे पाय काटकुळे होते. बिडाची टिकली असती, पण ती गुडघ्याएवढीच होती. मी जाळ्या दाबून बघत राहिलो. बायको कोळशाच्या पोत्यावर टेकली होती.

“तुका खंयची बरी वाटता?” मी विचारलं.

“माका आता वाकूक नको,” ती म्हणाली. “उभ्यान भाजूक मेळात अशी घेवा. बाकी काय बघू नकात.”

शेवटी बिडाचीच घेतली आणि तिच्यासाठी चिऱ्यांचा कमरेएवढा ओटा बांधून घेतला. तो वाळला त्या संध्याकाळी खोल्या रिकाम्या होत्या. बांगडे मीच भाजले. बायको पडवीत आडवी झाली होती. जेवायला हाक मारली, तर डोळे न उघडताच म्हणाली, “झाकून ठेवा. मागीर खातलंय.”

मी ताटावर ताट उपडं घातलं आणि तिच्या शेजारी जाऊन पडलो.